हीट ट्रान्सफर: सूत्र शोधण्याआधी उष्णता कुठे अडते ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थर्मोडायनॅमिक्स जमलं, फ्लुइड मेकॅनिक्स कसंबसं पार पडलं, पण हीट अँड मास ट्रान्सफरमध्ये सोडवलेली न्यूमेरिकल वाचताना सगळं पटतं आणि नवं न्यूमेरिकल समोर आलं की हात चालत नाही. कोरिलेशनची, म्हणजे प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्रांची, संख्या बघूनच धडकी भरते. शिवाय मास ट्रान्सफर शेवटी आहे, त्याला गुण कमी, तर ते सोडून दिलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

‘कुठलं सूत्र कधी लावायचं’ अशी तुम्ही अडचण मांडलीत, पण खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. सूत्रं काय, डेटा बुकात असतातच. न्यूमेरिकल वाचल्यावर डोळ्यांसमोर चित्र यायला हवं की उष्णता कुठून निघाली, कशाकशातून गेली आणि वाटेत सगळ्यात जास्त कुठे अडली. हे चित्र नसेल तर सगळी कोरिलेशन एकसारखीच दिसणार. मी हीट एक्स्चेंजर डिझाइन करतो आणि तयार झालेले टेस्ट बेंचवर तपासतो. या कामात कोरिलेशन पाठ असण्याचा उपयोग मला फारसा झालेला नाही. कुठली संख्या साधारण किती असायला हवी, हे माहीत असण्याचा रोज होतो.

तुमच्याकडे किती वेळ आहे, फ्लुइड मेकॅनिक्समधलं बाउंड्री लेअर खरंच कळलंय की नुसतं लिहून आलात, आणि पुढे डिझाइनकडे जायचंय की फक्त पेपर काढायचाय, यावर माझ्या उत्तराचा बराच भाग अवलंबून आहे. सहा महिने हाताशी असल्यासारखं लिहितो. तीनच आठवडे असतील तर काय गाळायचं ते शेवटी सांगतो.

आधी विषयाची जागा नक्की करू. ८० अंशांचं पाणी ४० अंशांवर आणायला किलोमागे साधारण १६७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, हे थर्मोडायनॅमिक्स सांगतं. ती काढायला दोन चौरस मीटर पृष्ठभाग पुरेल की दोनशे लागतील, याबद्दल ते गप्प बसतं. तिथून हीट ट्रान्सफर सुरू होतं. म्हणून या विषयातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो: तापमानाचा एवढा फरक उपलब्ध आहे, वाटेत एवढा रेझिस्टन्स आहे, तर उष्णता जाण्याचा वेग किती?

आता एक उदाहरण सावकाश करू. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या इंजिनिअरांना मी हेच विचारतो. नळीत पाणी वाहतंय, बाहेरून पंख्याची हवा. एच म्हणजे भिंत आणि तिला लागून असलेलं पाणी किंवा हवा यांच्यात उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा. पाण्याच्या बाजूचा एच ५०००, हवेच्या बाजूचा ५० (वॅट प्रति चौरस मीटर केल्विन). नळी कार्बन स्टीलची, २ मिमी जाड, के (धातूची उष्णतावाहकता) ५०. कूलरची क्षमता वाढवायची आहे. नळी तांब्याची करू, पंप मोठा लावू, की पंखा मोठा लावू?

बहुतेक जण पटकन ‘तांबं’ म्हणतात, कारण तांब्याचा के ४०० च्या आसपास, म्हणजे आठपट. आता एक चौरस मीटरसाठी रेझिस्टन्स मांडा. नळी पातळ आहे, तेव्हा सपाट भिंत धरली तरी चालेल. पाण्याच्या बाजूला १/५००० म्हणजे ०.०००२. भिंतीत ०.००२/५० म्हणजे ०.००००४. हवेच्या बाजूला १/५० म्हणजे ०.०२. बेरीज ०.०२०२४, आणि तिचा व्यस्त म्हणजे यू (अख्ख्या वाटेचा मिळून एकच एच) ४९.४. तांबं वापरलं तर भिंतीचा रेझिस्टन्स ०.०००००५ होतो आणि यू जातो ४९.५ वर. पाण्याचा एच दुप्पट केला तर ४९.७. हवेचा एच दुप्पट केला तर एकदम ९७.७!

एकामागून एक तीन फाटकं आहेत, दोन सताड उघडी आणि तिसरं जेमतेम माणूस जाईल एवढं किलकिलं. उघडी फाटकं आणखी रुंद करून गर्दी हलत नाही. यूच्या सूत्रातली ती तीन व्यस्तांची बेरीज एवढंच सांगते. हे एकदा अंगात मुरलं की पुढची कितीतरी प्रकरणं आपोआप जागेवर बसतात. फिन (पृष्ठभाग वाढवणाऱ्या पातळ पट्ट्या) हवेच्या बाजूलाच का लावतात? कारण रेझिस्टन्स तिथे आहे. पाण्याच्या बाजूला फिन लावले तर धातू वाया गेला आणि सफाईची डोकेदुखी वाढली.

आता हेच उदाहरण थोडं बदला. दोन्ही बाजूंना पाणी, दोन्हीकडे एच ५०००. बेरीज ०.०००४४, यू सुमारे २२७०. नळीला आतून क्षार धरले आणि फाउलिंगचा रेझिस्टन्स ०.०००२ ने वाढला, तर यू १५६० वर येतो. जवळजवळ एक तृतीयांश क्षमता गेली. तेवढेच क्षार आधीच्या हवेच्या कूलरमध्ये धरले असते तर यू ४९.४ वरून ४८.९ वर आला असता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ‘फाउलिंग वाईट असतं’ हे वाक्य परीक्षेत लिहायला ठीक आहे. किती वाईट, हे बाकीच्या रेझिस्टन्सशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. टेस्ट बेंचवर एखादा एक्स्चेंजर कमी पडला की मी प्रथम हीच बेरीज कागदावर मांडतो. निम्म्या शंका तिथेच गळून पडतात.

पुढचा अडथळा एचचा. के हा पदार्थाचा गुणधर्म आहे, तो तक्त्यात सापडतो. एच तसा नाही. तेच पाणी, तीच नळी, पण वेग बदलला की एच बदलतो. विद्यार्थ्यांना कन्व्हेक्शन अवघड जातं ते बहुतेक इथेच, कारण एच आकाशातून पडल्यासारखा वाटतो. मी त्याच्याकडे असं बघतो: भिंतीला चिकटून द्रवाचा किंवा हवेचा एक पातळ थर असतो, त्यातून उष्णता मुख्यतः कंडक्शननेच जाते, आणि एच म्हणजे साधारण के भागिले त्या थराची जाडी. संथ हवेत एच १० धरा, हवेचा के ०.०२६, थर निघाला २.६ मिमी. जोरात वाहणाऱ्या पाण्यात एच ५०००, के ०.६, थर ०.१२ मिमी. कन्व्हेक्शन सुधारायचं म्हणजे हा थर पातळ करायचा: वेग वाढवून, खळबळ माजवून, किंवा थर वाढायला लागला की पृष्ठभाग तोडून. नसेल्ट नंबरही मग वेगळा पाठ करावा लागत नाही. वस्तूची लांबी या थराच्या किती पट आहे, एवढंच तो सांगतो.

एचचे आकडे मात्र खरंच तोंडपाठ हवेत, ढोबळ चालतील. हवा, नैसर्गिक कन्व्हेक्शन: २ ते २५. हवा, पंख्याने: २५ ते २५०. पाणी, पंपाने: काहीशे ते दहा-पंधरा हजार. उकळणं आणि कंडेन्सेशन: अडीच हजारांपासून लाखापर्यंत. तुमचं उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं तर आकडेमोड पुन्हा तपासा. हा इशारा पुस्तकातल्या उत्तरसूचीपेक्षा भरवशाचा आहे.

आता कोरिलेशन निवडायचं कसं. न्यूमेरिकल वाचताना क्रमाने एवढं विचारा: प्रवाह आतून आहे की बाहेरून, पंप-पंख्याने ढकललाय की तापमानामुळे आपोआप चाललाय, लॅमिनार (थराथराने संथ) की टर्ब्युलंट (खळबळीचा), प्रवाह पूर्ण विकसित झालाय की अजून तोंडाशीच आहे, आणि गुणधर्म कुठल्या तापमानाला घ्यायचे. एवढी उत्तरं मिळाली की डेटा बुकात एक-दोनच कोरिलेशन उरतात.

यातला ‘विकसित झालाय का’ हा प्रश्न सगळ्यात जास्त गाळला जातो. २० मिमीच्या नळीत पाणी, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या तुलनेत किती) २०००, प्रांटल (चिकटपणाचा परिणाम उष्णतेच्या तुलनेत किती पसरतो) ६. लॅमिनार आहे म्हणून विद्यार्थी डोळे मिटून नसेल्ट ३.६६ लिहितो आणि एच ११० काढतो. पण थर्मल एंट्री लेंग्थ (तापमानाच्या बाजूने प्रवाह विकसित व्हायला लागणारी लांबी) साधारण ०.०५ × रेनॉल्ड्स × प्रांटल × व्यास, म्हणजे इथे १२ मीटर! दोन-तीन मीटर लांबीच्या एक्स्चेंजरमध्ये हा प्रवाह विकसित होण्याआधीच बाहेर पडतो, आणि सरासरी एच ३.६६ च्या हिशेबापेक्षा जास्त मिळतो. शिवाय ३.६६ हा भिंतीचं तापमान स्थिर असतानाचा आकडा आहे; उष्णतेचा फ्लक्स स्थिर असेल तर ४.३६. त्याच नळीत पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने सोडलं तर रेनॉल्ड्स २२,००० च्या आसपास जातो, डिटस-बोल्टर कोरिलेशनने नसेल्ट सुमारे १४० येतो आणि एच ४२०० च्या घरात. वेग अकरापट, एच त्या ११० च्या जवळजवळ चाळीसपट. लॅमिनारमधून टर्ब्युलंटमध्ये जाण्याची किंमत काय आणि फायदा काय, हे या दोन आकड्यांत दिसतं. (किंमत म्हणजे प्रेशर ड्रॉप. हीट ट्रान्सफरच्या पेपरात तो फारसा विचारत नाहीत. पंपाचं वीजबिल भरणारा मात्र आधी तोच विचारतो.)

डिटस-बोल्टरचाच विषय निघाला आहे तर: हे १९३० चं कोरिलेशन, आणि अशा कोरिलेशनमध्ये २०-२५ टक्क्यांची चूक मान्य धरलेली असते. ग्निएलिन्स्कीचं त्याहून बरं आहे आणि रेनॉल्ड्स ३००० पासून चालतं. तेव्हा एच चार दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. तुमचं आणि मित्राचं उत्तर दहा टक्क्यांनी वेगळं आलं तर बऱ्याचदा दोघंही बरोबर असतात.

बायोट आणि नसेल्ट यांत गोंधळ होतो, कारण दोन्ही एच गुणिले लांबी भागिले के असेच दिसतात. बायोटमधला के घन पदार्थाचा, नसेल्टमधला द्रवाचा किंवा वायूचा. अर्थाने बघितलं तर बायोट पुन्हा आपला फाटकांचाच हिशेब आहे: उष्णता वस्तूच्या आत अडते की पृष्ठभागावर? २० मिमी व्यासाचा स्टीलचा गोळा घ्या, के ४५. घनफळ भागिले पृष्ठभाग म्हणजे व्यासाचा सहावा भाग, ३.३३ मिमी. हवेच्या झोतात एच ५० असेल तर बायोट ०.००३७. आतला रेझिस्टन्स नगण्य, अख्खा गोळा एका तापमानाला धरा, लम्प्ड पद्धत बिनधास्त लावा. टाइम कॉन्स्टंट (गोळा किती वेळात निवतो त्याचं माप) चार मिनिटांच्या थोडा वर येतो. तोच गोळा पाण्यात टाकला आणि एच ५००० झाला, तर बायोट ०.३७. ०.१ ची मर्यादा ओलांडली, आता आत आणि बाहेर तापमान वेगळं, लम्प्ड पद्धत चालणार नाही. गोळा तोच आहे. लम्प्ड चालणं न चालणं वस्तूवर एकट्याने ठरत नाही, हे या एका गोळ्यावरून लक्षात राहील.

क्रिटिकल रेडियसबद्दल (या त्रिज्येच्या आत इन्सुलेशन वाढवलं तर उष्णता उलट जास्त जाते) फार वेळ घालवू नका. सिलिंडरसाठी के भागिले एच. चांगल्या इन्सुलेशनचा के ०.०४ आणि एच १० धरला तर ४ मिमी. म्हणजे ५० मिमीच्या पाइपला इन्सुलेशन घातल्याने उष्णता जास्त जाईल ही भीती निराधार. बारीक विजेच्या तारेला मात्र प्लॅस्टिकचं आवरण थंड राहायला मदत करू शकतं. एलएमटीडी आणि एनटीयू या एक्स्चेंजर सोडवायच्या दोन पद्धतींचंही तसंच: चारही तापमानं माहीत असतील तर पहिली पद्धत, बाहेर पडणारी तापमानं माहीत नसतील तर दुसरी. यात समजायला अवघड असं काही नाही, सराव पुरतो.

रेडिएशनमध्ये दोन गोष्टी बघा. एक, तापमान केल्विनमध्येच. दोन, ‘तापमान कमी आहे म्हणून रेडिएशन सोडून दिलं’ असं सवयीने लिहू नका. पृष्ठभाग ६० अंश आणि भोवताल ३० अंश असेल तर रेडिएशनचा एच काढता येतो: ४ गुणिले स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले सरासरी तापमानाचा घन. रंगवलेल्या पृष्ठभागाची एमिसिव्हिटी (रेडिएशन सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९ धरून तो साडेसहाच्या आसपास येतो. संथ हवेत नैसर्गिक कन्व्हेक्शनही साधारण तेवढंच असतं. म्हणजे सोडून दिला तो निम्मा भाग होता! याची एक गंमत कामावर दिसते. इन्सुलेशनवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा असला की रेडिएशन जवळजवळ बंद होतं, उष्णतेचा ऱ्हास थोडा कमी होतो, पण पत्र्याचं तापमान वाढतं. हात भाजू नये एवढाच उद्देश असेल तर रंगवलेला पत्रा बरा ठरतो. व्ह्यू फॅक्टरसाठी (एका पृष्ठभागाचं किती रेडिएशन दुसऱ्यावर पडतं तो भाग) रेसिप्रॉसिटी आणि बेरजेचा नियम पक्का करा. बाकीचे आलेख समोर असतील तेव्हा बघा.

आता मास ट्रान्सफर. सोडू नका, आणि मी हे गुणांसाठी सांगत नाहीये. फूरियेने कंडक्शनचा सिद्धांत १८२२ मध्ये मांडला. फिक हा शरीरशास्त्राचा माणूस, त्याने १८५५ मध्ये तोच साचा उचलून पाण्यात मीठ पसरण्याला लावला. तेव्हा तुम्हाला हीट ट्रान्सफर आलं असेल तर निम्मं मास ट्रान्सफर आलेलंच आहे: तापमानाच्या जागी कॉन्सन्ट्रेशन, नसेल्टच्या जागी शेरवुड, प्रांटलच्या जागी श्मिट. हवेत पाण्याची वाफ पसरण्याचा वेग आणि हवेत उष्णता पसरण्याचा वेग जवळजवळ सारखे आहेत (डिफ्युजिव्हिटी २.६ आणि २.२, दोन्ही गुणिले दहाचा उणे पाचवा घात), म्हणून एकाचा एच माहीत असला की दुसऱ्याचा काढता येतो. चिल्टन-कोलबर्न ॲनालॉजी म्हणजे हेच.

पण एक फरक आहे, आणि तिथेच सगळे घसरतात. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे दोन्हीकडचं तापमान एकच असतं. कॉन्सन्ट्रेशन तसं नसतं. २५ अंशांच्या हवेत लिटरमागे सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तिच्याशी समतोल साधून बसलेल्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. एवढा फरक असूनही ऑक्सिजन हलत नाही, कारण समतोल आधीच झालेला आहे. म्हणून दोन फेजमधल्या न्यूमेरिकलमध्ये कॉन्सन्ट्रेशनची सरळ वजाबाकी करायची नाही; आधी हेन्री किंवा राउल्टचा नियम (समतोलात दोन फेजमधलं नातं सांगणारा) लावून एका बाजूच्या भाषेत आणायचं आणि मग फरक घ्यायचा.

आणि मेकॅनिकलवाल्याला हे लागतं कुठे, तर कूलिंग टॉवरमध्ये. तिथे शंभर किलो पाण्यातलं एक किलो उडून गेलं की उरलेलं जवळजवळ ६ अंशांनी थंड होतं, कारण बाष्पीभवनाला किलोमागे २४०० किलोज्यूलच्या वर उष्णता लागते. त्यामुळे टॉवरमधलं पाणी हवेच्या तापमानाच्याही खाली जाऊ शकतं. मर्यादा वेट बल्बची, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाची. मास ट्रान्सफर सोडून दिलेल्या माणसाला हे उत्तर चुकलंय असं वाटतं आणि तो ते खोडून टाकतो.

अभ्यासाची रोजची पद्धत सांगतो. न्यूमेरिकल वाचलं की कॅल्क्युलेटर उचलायचा नाही. आकृती काढायची, रेझिस्टन्स ओळीने मांडायचे, सगळ्यात मोठा कुठला असेल त्याखाली रेघ मारायची आणि उत्तराचा अंदाज लिहायचा. मग सोडवायचं. अंदाज दहापटीने चुकला तर का चुकला ते शोधायचं. खरा अभ्यास तिथे होतो. सोडवून झाल्यावर दिलेल्यातली एकच गोष्ट बदलायची, समजा वेग दुप्पट, आणि उत्तर कितीने बदलेल ते न सोडवता सांगून बघायचं. अशी थोडी न्यूमेरिकल नुसत्या उतरवलेल्या ढीगभर न्यूमेरिकलपेक्षा जास्त शिकवतात.

एकदा तरी स्प्रेडशीटमध्ये स्टीलच्या भिंतीचं वेळेनुसार बदलणारं तापमान स्वतः काढा, एकाच दिशेने. नोडमधलं (ज्या बिंदूंवर तापमान काढायचं त्यांच्यातलं) अंतर ५ मिमी घेतलंत तर टाइम स्टेप साधारण १ सेकंदाच्या वर नेऊ नका. मग मुद्दाम न्या आणि आकडे वर-खाली उड्या मारायला लागलेले बघा. फूरिये नंबर (टाइम स्टेप नोडमधल्या अंतराच्या मानाने किती मोठी त्याचं माप) अर्ध्याच्या वर का जाऊ द्यायचा नाही, हे पुन्हा वाचावं लागणार नाही. सॉफ्टवेअरमधली रंगीत चित्रं त्यानंतर बघा. तीही बघताना आत आलेली आणि बाहेर गेलेली उष्णता हाताने जुळवून घ्या.

तीनच आठवडे असतील तर: रेझिस्टन्स आणि यू, फिन, लम्प्ड, नळीतला प्रवाह, एक्स्चेंजर, रेडिएशनमध्ये दोन पृष्ठभागांचे प्रश्न, आणि मास ट्रान्सफरमध्ये फिकचा नियम व बाष्पीभवन. बाउंड्री लेअरची लांबलचक डेरिव्हेशन आणि उकळण्याची कोरिलेशन बाजूला ठेवा. उकळण्याचा आलेख मात्र काढता यायला हवा, आणि क्रिटिकल हीट फ्लक्सच्या (बुडबुड्यांच्या उकळण्यातून नेता येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा) पुढे भिंतीचं तापमान एकदम का उसळतं हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं. नंतर एखादं न्यूमेरिकल अडलं आणि विचारावंसं वाटलं, तर त्यासोबत तुमची रेझिस्टन्सची आकृती आणि आधी लिहिलेला अंदाजही पाठवा. नुसती आकडेमोड पाहून चूक कुठे झाली ते मला सांगता येणार नाही.